मोजून घातलेला झोळ

जयपूर समुद्रापासून इतके लांब आहे की तेथे गच्चीवर शीड शिवणाऱ्या बाईला वेडी ठरवायला डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागत नाही, शेजारी पुरतात. दुर्गापुऱ्यातल्या त्या गल्लीने हे काम उन्हाळा लागताच उरकून टाकले होते. सुहासिनी ऊन चढायच्या आत गच्चीवर पांढरे कापड अंथरून, गुडघ्यांवर रांगत खडूने रेघा ओढू लागली, की समोरच्या घरातले निवृत्त इंजिनीयर दात घासता घासता फाटकाशी येऊन विचारत, "डॉक्टरसाहिबा, बाढ़ आने वाली है क्या?"

"आएगी तो पहले आपके यहाँ आएगी," ती मान वर न करता म्हणे. "आप नीचे की मंज़िल पर रहते हैं।"

ती डॉक्टर होती ती भाषाशास्त्राची. विद्यापीठात अर्धे आयुष्य घालवून तिने विद्यार्थ्यांना खऱ्या अर्थाने एकच गोष्ट शिकवली होती : समानार्थी शब्द ही कोशकारांनी आपल्या सोयीसाठी पसरवलेली अफवा आहे. विद्यार्थ्यांनी ती लिहून घेतली, परीक्षेत ओकली आणि पुढे जाऊन जाहिरातींचा मजकूर लिहिण्याच्या नोकऱ्या धरल्या. मुदतीआधीच घेतलेल्या निवृत्तीच्या समारंभात कुलगुरूंनी तिला 'आपल्या वारशाच्या रक्षक' असे म्हटले. त्याच आठवड्यात तिच्या विभागाची खोली स्पर्धापरीक्षेच्या वर्गांना भाड्याने गेली. तेव्हापासून 'वारसा' हा शब्द कानावर आला, की सुहासिनीच्या चेहऱ्यावर एक शांत, थंड, अतिशय सभ्य भाव येत असे, आणि ओळखणारी माणसे खुर्ची जरा मागे घेत. तिचा नवरा विनय कृषी संशोधन केंद्रातून निवृत्त झाल्यावर भुईमुगावर व्याख्याने देत देशभर फिरत होता. घरी असला तर शिडाच्या विषयावर तटस्थ राही आणि तटस्थपणा सिद्ध करण्यासाठी बाजारात जाई.

माहेर देवगडचे. वडील, म्हणजे अप्पा, बंदर खात्यात होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी खाडीकाठच्या सुतारांकडून एक शिडाची नाव बांधून घेतली : आत दोन माणसे झोपतील एवढी खोली, एक चूल, एक डोलकाठी. मासे धरायला नव्हे की माल वाहायलाही नव्हे. केवळ किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडायला. गावाला हे पटले नाही. टिटवी समुद्र आटवायला निघालीय, असे पारावरून ऐकू आले, तेव्हा अप्पांनी तेच नाव पुढच्या टोकाला, नाळेवर, ठसठशीत रंगवून घेतले. पुढे दर दिवाळीत सुहासिनी जयपूरहून देवगडला जाई आणि बापलेक 'टिटवी' घेऊन विजयदुर्ग, मालवण, एकदा तर पार वेंगुर्ल्यापर्यंत जाऊन येत. अप्पा थकत गेले तसे सुकाणू तिच्या हातात येत गेले. थोरला भाऊ श्रीधर सुरुवातीला यायचा. मग त्याला विमा कंपनीत नोकरी लागली आणि समुद्राकडे तो केवळ एक जोखीम म्हणून पाहू लागला.

अप्पा गेले. नाव दोघांच्या नावावर आली. पडवीत ठेवलेली शिडे बुरशीने आणि उंदरांनी आपसांत वाटून घेतली. मुंबईच्या कारागिराने नव्या शिडांचा, दोरांचा आणि कप्प्यांचा जो आकडा कळवला तो ऐकून श्रीधर इतका मनापासून हसला, की त्याला पाणी द्यावे लागले.

नोकरीच्या शेवटच्या बदलीवर तो आता जयपुरातच होता. सी-स्कीममधल्या त्याच्या फ्लॅटवर जेवायला बोलावून, भात वाढून झाल्यावर, त्याने विषय काढला.

"सुहास, व्यवहाराने बघ. नाव खाडीत कुजतेय. खंडेलवालजी माझे जुने क्लायंट. अजमेर रोडवर त्यांचं नवं हॉटेल होतंय, कोस्टल किचन. ते ती ट्रकवर घालून इथे आणणार, पॉलिश करणार, लॉनवर उभी करणार. लोक बघतील. अप्पांचं नाव पितळी पाटीवर येईल."

"आणि नावेच्या आत काय असेल, दादा?"

"आत... बसायची सोय."

"म्हणजे बार."

"मॉकटेलही देतात गं."

"अस्सं."

"तो माणूस त्याला वारसा म्हणतो. इतक्या आदराने बोलतो की काय सांगू."

सुहासिनीने चमचा ताटाच्या कडेला अगदी समांतर ठेवला. समुद्रावरची नाव वाळवंटात आणून तिच्यात दारू विकणे हा व्यवहार, आणि वाळवंटात शिवलेले शीड समुद्रावर नेणे हा वेडेपणा. ही विभागणी कोणी केली, कधी केली आणि तिला कोणी मत विचारले होते, असे तीन प्रश्न तिच्या मनात आले. तिने चौथाच विचारला.

"मी शिडं घरी शिवली तर?"

"घरी?" श्रीधरने हट्टी लेकराकडे पाहावे तसे तिच्याकडे पाहिले. "अगं, त्याला जुगाड म्हणतात. समुद्रावर जुगाड चालत नाही."

याच सी-स्कीममध्ये, याच फ्लॅटच्या खाली, हाताने छापलेली चादर यंत्रावर छापलेल्या चादरीपेक्षा कितीतरी महाग विकली जात होती. हातकाम पलंगावर असले तर कला, आणि डोलकाठीवर चढले तर जुगाड. सुहासिनीने हेही बोलून दाखवले नाही. राग आला की ती नेमकी होत असे.

"ठरवू या," ती म्हणाली. "ट्रक कधी जाणार?"

"पावसाच्या आत नाव खाडीबाहेर काढायला हवी. म्हणजे मे महिन्याचा शेवटचा रविवार ही शेवटची वेळ समज."

"त्या रविवारी माझ्या गच्चीवर ये. मी शिवलेलं एक शीड वाऱ्याने भरलेलं दाखवीन. भरलं, तर हा विषय पुन्हा काढायचा नाहीस आणि नाव माझ्या ताब्यात राहील. नाही भरलं, तर तिथल्या तिथे सही करीन."

"शब्द?"

"शब्दच. माझ्याकडे दुसरं आहे काय?"

तर अशा रीतीने एका नावेचे भवितव्य एका कापडाच्या तुकड्याला टांगले गेले, आणि सुहासिनी कामाला लागली.

जयपूर या कामाला अगदीच नालायक नव्हते. ज्या शहरात दर मोसमात लग्नांचे मांडव उभे राहतात, तेथे उन्हाने न कुजणारे घट्ट विणीचे पॉलिस्टर कापड कोणत्या गल्लीत मिळते हे घोड्यांनाही ठाऊक असते. झोटवाड्यातल्या एका लाकूड कातणाऱ्या खरादवाल्याकडून तिने शिसवी लाकडाच्या कप्प्या करून घेतल्या. आत फिरणारी चाके नायलॉनच्या जाड पत्र्यातून कापलेली. उंटगाड्यांचे सामान विकणाऱ्याकडून तिने जाड चामडे आणले आणि शिडाच्या कोपऱ्यांवर, जेथे सगळी ओढ येते तेथे, ते दुहेरी शिवले. वादळात नावेच्या मागे पाण्यात सोडायचे एक कापडी नरसाळे असते. ते पाणी धरून मागे ओढत राहते आणि नावेला लाटेवर आडवी होऊ देत नाही. ते तिने शामियान्याच्या जुन्या किरमिजी झालरीतून बेतले, आणि त्यामुळे ते एखाद्या नवरदेवाच्या फेट्यासारखे दिसू लागले. बाजेच्या जुन्या काथ्याचे तुकडे पिंजून तिने झुपके बांधले. शीड ज्या दोरावर घासते तेथे ते गुंडाळले की कापड झिजत नाही. हे सगळे तिला अप्पांनी शिकवले होते. त्यांना ते गरजेने शिकवले होते, आणि गरजेच्या शाळेत पदवीदान समारंभ होत नाही, एवढाच काय तो फरक.

पण शीड हाताने शिवण्याइतके दिवस उरले नव्हते, आणि घरच्या मशीनची सुई त्या कापडाच्या चार पदरांपुढे मोडून पडत होती. म्हणून ती झोटवाड्यातच गोरधनजींकडे गेली. गोरधनजी कनाती आणि तंबू शिवत. मिशा पांढऱ्या, कामाचा अभिमान काळाभोर. त्यांच्या मशीनच्या वर त्यांच्या आजोबांचा फोटो होता आणि तो फोटोही इतका ताणून बसवलेला होता, की आजोबा दचकल्यासारखे दिसत.

"पाल बनाना है? नाव का?" त्यांनी कागदावरचे तिकोनी चित्र उलटसुलट करून पाहिले. "बन जाएगा। कपड़ा कपड़ा होता है, मैडमजी।"

येथे सुहासिनीपुढे एक शब्द उभा राहिला.

शीड सपाट असून चालत नाही. त्याला पोट लागते; पट्ट्या अशा जोडाव्या लागतात की कापडात एक ठरलेला फुगवटा राहील, मग त्यात वारा धरला जातो आणि नाव ओढली जाते. या फुगवट्याला अप्पा 'झोळ' म्हणत. शब्द तोच, हिंदीतही 'झोल' म्हणून जिवंत. पण बाजारात त्याची संगत बिघडलेली. हिशेबात झोल, टेंडरात झोल, माणसात झोल. एका प्रतिष्ठित कारागिरासमोर उभे राहून तो शब्द उच्चारणे भाषेच्या निवृत्त प्राध्यापिकेला प्रशस्त वाटले नाही. क्षणभर थबकून तिने एक स्वच्छ, सुसंस्कृत, निरुपद्रवी शब्द निवडला.

"गोरधनजी, इसमें गोलाई रखनी है। नाप मैंने लिख दिया है।"

"गोलाई," गोरधनजींनी मान डोलावली. "ऐसी गोलाई दूँगा कि चाँद शरमा जाए।"

शुक्रवारी दुपारी दोन शिडांपैकी लहान शीड घरी आले. टाके सरळ, शिवणी दुहेरी, चामड्याचे कोपरे भक्कम. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या लोखंडी चौकटीला सुहासिनीने एक उंच पाइप बांधून ठेवला होता. शिडाची उभी कड तिने त्यावर चढवली, मोकळ्या कोपऱ्याचा दोर कप्पीतून ओवला. पश्चिमेचा वारा चांगला सुटला होता. शिडाने एक झटका दिला, दुसरा दिला, आणि मग ते फडफडू लागले. फडफडतच राहिले. दोर ओढला तर फळीसारखे ताठ होई, सैल केला तर वाळत घातलेल्या चादरीसारखे फडफडे. वारा येत होता आणि त्याच्यावरून घसरून जात होता, जसे काही भाषणांवरून श्रोत्यांचे लक्ष घसरते.

वल्लरी कामावरून आली ती थेट वर. सुहासिनीची ही मुलगी सीतापुऱ्याच्या एका निर्यातीच्या कपड्यांच्या कारखान्यात पॅटर्न बेतायचे काम करी. जयपुरात जन्मली, जयपुरात वाढली. तिचे मराठी घरात चपला काढून वावरणाऱ्या पाहुण्यासारखे होते. तिने शिडाखाली उभे राहून वर पाहिले, कड चिमटीत धरली.

"आई, हे तर फ्लॅट आहे. मतलब, पूर्ण फ्लॅट. फक्त बॉर्डर राउंड कापलीय त्यांनी."

सुहासिनीने दुसरी कड हातात घेऊन पाहिली.

"तू काय सांगितलंस त्यांना?"

"गोलाई."

"तर त्यांनी दिली ना गोलाई. कडेला."

खरेच होते. चंद्र शरमेल अशी कड गोरधनजींनी दिली होती, आणि मधले कापड, पिढीजात इमानाने, खंजिरीसारखे सपाट ठेवले होते. एका शब्दाच्या शिष्टाचारासाठी जन्मभर शिकवलेला एकुलता एक धडा तिने स्वतः बाजारात सोडून दिला होता. सुहासिनीने विद्यार्थ्यांना याहून लहान चुकांसाठी नापास केले होते. तिने स्वतःलाही केले, पुरवणी परीक्षा दुसऱ्या दिवशी ठेवली, आणि शीड उतरवले.

शनिवारी मायलेकी कापडाचे बोचके ऑटोत कोंबून झोटवाड्यात पोहोचल्या.

"गोरधनजी," सुहासिनी दारातूनच म्हणाली, "इसमें झोल चाहिए।"

मशीन थांबले. शेजारच्या दुकानातला कैचीचा आवाजही थांबला.

"क्या चाहिए?"

"झोल।"

"मैडमजी," गोरधनजी अत्यंत संयमाने म्हणाले, "झोल कोई चाहता नहीं है। झोल तो रह जाता है।"

"मुझे चाहिए। नाप के।"

"बाप-दादा के टाइम से कनात तान रहे हैं। आज तक किसी माई के लाल ने मेरे काम में झोल नहीं निकाला। और आप डलवाने आई हैं?"

"भैया," वल्लरी पुढे झाली. तिने जमिनीवर बसून खडूने एक पट्टी काढली : मध्ये फुगीर, दोन्ही टोकांना निमुळती. "घाघरे की कली देखी है ना? हर पट्टी ऐसी काटनी है, बीच में चौड़ी। फिर जोड़ोगे तो पेट अपने आप बनेगा।"

"घाघरा!" गोरधनजींनी आजोबांच्या फोटोकडे साक्षीदार म्हणून पाहिले. "बेटा, हम टेंट वाले हैं। घाघरे वालों की गली आगे है।"

"ठीक है। तो उधर जाकर बोल देती हूँ कि गोरधनजी से नहीं हुआ।"

शेजारची कैची अजून थांबलेलीच होती. गोरधनजींनी हळूच चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"नहीं हुआ किसने बोला?"

"अभी तो आपने."

"सास-बहू नहीं हो तुम दोनों?" त्यांनी संशयाने विचारले.

"माँ-बेटी."

"तभी।" त्यांनी बोचके ओढून घेतले. "कर दूँगा। पर मेरा ठप्पा नहीं लगेगा इस पर। कोई पूछे तो गोरधन को आप जानती नहीं।"

दिवसभर शिवणी उसवल्या गेल्या. वल्लरीने प्रत्येक पट्टीवर वळण आखले, सुहासिनीने अप्पांच्या मापाने ते तपासले : फुगवटा पुढच्या कडेकडे जास्त, मागे उतरता. गोरधनजींनी कापले आणि शिवले, आणि शिवताना एखाद्या सज्जन माणसाला खोटी साक्ष द्यायला लावावी तसे त्यांचे तोंड झाले होते. पण टाका एकही चुकला नाही.

रविवारी श्रीधर आला तो सकाळी, दूधवाल्याच्या मागोमाग. बरोबर खंडेलवालजी, पांढरा सदरा, हातात फोन, काखेत कागदांची पिशवी. दारातल्या कडुनिंबाचे पान हलत नव्हते.

"इतक्या लवकर, दादा?"

"ऊन चढायच्या आत आटपू म्हटलं."

"वारा उठायच्या आत, असं म्हण."

श्रीधर जिन्याकडे वळला. दुर्गापुऱ्यात मे महिन्यात वारा दुपारी उठतो, हे त्याला हवामान खात्याइतकेच माहीत होते. तीस वर्षे दावे नाकारून तो एवढे शिकला होता, की नाकारायचे ते वेळेवर नाकारावे.

सगळे वर गेले. पाइपावर शीड निपचित लोंबत होते; वाऱ्याविना त्याचे पोट सुरकुत्यांनी भरलेले, मधोमध ओघळलेले. श्रीधरने त्याच्याभोवती एक फेरी मारली, बोटाने फुगवटा दाबला आणि कोरडे हसला.

"सुहास, यात झोल आहे."

"आहे."

त्याला हे अपेक्षित नव्हते. "म्हणजे तू कबूल करतेस?"

"कबूल कसलं, मी घातलाय. मोजून. हा नसता तर तो तंबू झाला असता, आणि तंबू लावायला तुझे खंडेलवालजी समर्थ आहेत."

आपले नाव ऐकून खंडेलवालजी पुढे आले. त्यांनी फोनवर शिडाचे चार फोटो काढले. "बहुत ऑथेंटिक है। मैडम, ये भी साथ में दे दीजिए ना। नाव के ऊपर टाँग देंगे, नीचे से लाइट मारेंगे।"

सुहासिनीने त्यांच्याकडे, खुर्ची मागे घ्यायला लावणाऱ्या त्या सभ्य भावाने, पाहिले. खुर्ची नव्हती म्हणून खंडेलवालजी स्वतःच मागे सरले.

"भरलेलं तर दिसत नाही," श्रीधर म्हणाला. "शब्द आजचा होता."

"आज अजून संपला कुठे? जेवून घ्या."

"जेवायला नको, आम्हाला पुढे..."

"दादा. बहिणीच्या दारातून उपाशी जाणार आहेस?"

देवगडच्या त्यांच्या घरात हा अपशकुन मानत. भाऊ बहिणीकडून न जेवता गेला तर वर्ष धड जात नाही म्हणत. श्रीधर अपशकुन मानत नाही असे सांगे. पण विम्यात आयुष्य काढलेल्या माणसाइतका अपशकुनांना भिणारा दुसरा कोणी नसतो. त्याने फक्त त्यांना टक्केवारी दिलेली असते. त्यातून सुहासिनीने जिन्यातच सांगून टाकले, की देवगडहून हापूसची मोसमातली शेवटची पेटी आली आहे.

तो बसला. खंडेलवालजीही बसले, राजस्थानात पाहुण्याने ताट नाकारणे ही स्वतंत्र नामुष्की असते.

आमरस मिक्सरमध्ये होतो. सुहासिनीने त्या दिवशी तो हाताने केला. एकेक आंबा माचवून मऊ केला, पिळला, बाठा स्वच्छ निघेपर्यंत पिळला, धागे निघेपर्यंत गाळला. आधी चहा झाला. मग पोहे झाले. मग ताटे मांडली गेली, आणि तरी कणीक भिजायची होती.

"आई," वल्लरी ओट्याशी कुजबुजली, "पुऱ्या संपल्या."

"मग लाट."

"ते पोट भरलं म्हणतायत."

"त्यांचं काय भरलंय ते मला नको सांगू. मला जे भरायला हवंय ते वर आहे. लाट."

वल्लरीने आईकडे पाहिले, दात दाखवले आणि पुन्हा कणीक घेतली. बाहेर जाऊन म्हणाली, "मामा, बस एकच. तुम्ही घेत नाही, मतलब माझी पुरी कच्ची आहे का?" मामाने घेतली. खंडेलवालजींनी तिसरी वाटी पुढे करताना डोळे मिटले होते. श्रीधरला सगळे समजत होते. बहिणीच्या संथ हालचालीतला हिशेब तो बसल्या जागी वाचत होता; पण समोर अप्पांच्या कलमांचा रस होता, आणि असा दावा फेटाळायला त्याच्या नियमावलीत कलम नव्हते.

मग स्वयंपाकघराची खिडकी आपटली.

कडुनिंब एका बाजूला कलला. गल्लीतल्या धुळीने अंग सावरले आणि ती धावू लागली. सुहासिनीने हात धुतले, पदराला पुसले.

"चला," ती म्हणाली.

गच्चीवर पाऊल ठेवताच तोंडावर भट्टीची झळ आली. वारा पश्चिमेकडून, मैलोगणती वाळूवरून तापत आला होता. शिडाने दोन थपडा मारल्या. श्रीधर भुवया उंचावून काही म्हणणार, इतक्यात सुहासिनीने दोर कप्पीतून खेचून घेतला.

आवाज थांबला.

वारा थांबला नव्हता; तो तर वाढतच होता. आवाज थांबला, कारण भरलेले शीड बोलत नाही. सगळ्या सुरकुत्या एका श्वासात गेल्या. शुक्रवारी जेथे फळी होती तेथे आज एक पूर्ण, गोल, पांढरे पोट उभे राहिले; कापड त्वचेसारखे घट्ट झाले, चामड्याचा कोपरा करकरला, शिसवी कप्पी कुरकुरली, टाकीची चौकट हलकेच कण्हली. गच्ची एखाद्या बंदराकडे निघेल असे वाटू लागले.

"धर," सुहासिनी म्हणाली आणि दोर श्रीधरच्या हातात दिला.

त्याने धरला तो एखादा कागद धरावा तसा. दोराने त्याला दोन पावले ओढत नेले. चप्पल निसटली. त्याने मग दोन्ही हातांनी धरला, टाच कठड्याला लावली आणि मागे रेलला. हे त्याला कोणी सांगितले नाही.

"गच्चीवर भरणं वेगळं," तो धापा टाकत म्हणाला, "समुद्रावर भरणं वेगळं."

"माझा शब्द शिडाचा होता. समुद्राचा नव्हता. अटी नंतर वाढवायच्या नसतात दादा, हे तुझ्या धंद्यात सांगत नाहीत का?"

"या असल्या सामानाला कोणीही विमा देणार नाही!"

"मागितलाय कुणी?"

"आणि बुडालीस तर?"

"तर बुडेन." तिचा आवाज वाऱ्यापेक्षा मोठा नव्हता, तरी तो नीट ऐकू आला. "नावेला बुडण्याचा हक्क असतो. लॉनवर उभं राहून लोकांना पेले पुरवणं, हे मात्र तिला कोणत्याही वादळाने आजवर करायला लावलं नाही. ते तुमच्या वारशालाच सुचलं."

श्रीधरने दोर आणखी घट्ट धरला. त्याची बोटे पांढरी पडली होती. वाऱ्याचा झोत वाढला की तो आपोआप थोडा दोर सोडी, ओसरला की पुन्हा घेई. सुहासिनी त्याच्या हातांकडे पाहत होती. कधीकाळी शिकून विसरलेली लिपी अचानक वाचता यावी तसे ते हात चालले होते, आणि त्यांच्या मालकाला ते अजून कळले नव्हते.

खंडेलवालजींनी एका हाताने डोळ्यांवर रुमाल धरला, दुसऱ्याने पिशवीतून कागद काढले. ते वाऱ्याने फडफडत होते. गच्चीवर आता फडफडणारे तेवढेच उरले होते.

"तो श्रीधरजी," ते ओरडून म्हणाले, "पहले आप साइन कर दीजिए, फिर मैडम से बात कर लेंगे। ट्रक वाला पूछ रहा है।"

त्यांनी पेन पुढे केले. श्रीधरने पेनाकडे पाहिले, दोराकडे पाहिले.

"दादा," सुहासिनी कोरडेपणाने म्हणाली, "दोराचं टोक चौकटीला बांधलेलं आहे. तू सोडलास तरी काही बिघडत नाही. हवी तर कर सही."

वारा पुन्हा वाढला. श्रीधरने थोडा दोर दिला, पाय बदलला, घेतला.

"हाथ खाली नहीं हैं, खंडेलवालजी," तो म्हणाला.

"थोड़ी देर में..."

"थोड़ी देर में भी नहीं होंगे। ट्रक को मना कर दीजिए।"

खंडेलवालजी व्यवहारी गृहस्थ होते. त्यांनी कागद पिशवीत घातले, शिडाचा आणखी एक फोटो घेतला, वल्लरीला आमरसाबद्दल धन्यवाद दिले आणि जिना उतरून गेले.

"मी येणार नाही हं समुद्रावर," श्रीधर मान न वळवता म्हणाला. "आधीच सांगतो."

"तुला बोलावलंय कुणी?"

"नाही, म्हणजे, दिवाळीत मला सुट्टी असते, म्हणून म्हटलं."

सुहासिनी चौकटीपाशी गेली, दोराच्या टोकाची गाठ तिने सोडवली, आणि वाऱ्याची सगळी ओढ श्रीधरच्या हातांत गेली. तो शिवी हासडून आणखी मागे रेलला.

"वल्लरी," ती म्हणाली, "खाली मोठ्या शिडाचं कापड आहे ते घेऊन ये. ऊन उतरायच्या आत पट्ट्या आखून होतील."